अंगणातल्या प्रचारपाट्या : जागा कुणाची, नियम कुणाचा

अमेरिकेत निवडणूक आली की घरांपुढच्या हिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या दिसू लागतात. नेहमीची पाटी १८ बाय २४ इंचांची, चार मिलिमीटर जाडीच्या पन्हळी प्लास्टिकची. एच आकाराच्या तारेची टोकं पन्हळींत सरकवायची आणि तार मातीत खुपसायची. छापून घेताना पन्हळी उभ्या हव्यात. आडव्या आल्या तर तार शिरायला जागाच उरत नाही.

वाद मात्र जागेवरून होतात. पदपथ आणि रस्ता यांमधल्या पट्ट्यातलं गवत घरमालकच कापतो, पण तो पट्टा बहुतेक ठिकाणी सार्वजनिक हद्दीत मोडतो. तिथली पाटी पालिकेची माणसं उचलून नेतात, आणि मालक विरोधी पक्षावर चोरीचा आळ घेतो! सार्वजनिक खांबांवरच्या पाट्या काढण्याचा लॉस एंजेलिसचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच मान्य केला होता.

स्वतःच्या अंगणाचा निकाल १९९४ चा. सेंट लुइसजवळच्या लाड्यू या सधन उपनगरात मार्गारेट गिलिओ यांनी डिसेंबर १९९० मध्ये आखाती युद्धाविरोधात २४ बाय ३६ इंचांची पाटी लावली. ती नाहीशी झाली, दुसरी कुणीतरी पाडली. पोलिसांकडे गेल्या, तर अशी पाटीच बेकायदा असल्याचं कळलं. ‘घर विकणे आहे’ या पाटीला मात्र मुभा! न्यायालयाने एकमताने गिलिओ यांची बाजू घेतली.

२०१५ मध्ये ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाची पाट्यांविषयीची नियमावली याच न्यायालयात रद्द झाली. तिथे राजकीय पाटी ३२ चौरस फुटांपर्यंत चाले, पण चर्चच्या प्रार्थनासभेकडे जाण्याची वाट दाखवणारी जेमतेम सहा चौरस फुटांची, तीही कार्यक्रमाआधी १२ तास आणि नंतर तासभर. मजकूर वाचून नियम ठरवणं तेव्हापासून पालिकांना जड जातं. आकार, संख्या, रस्त्यापासूनचं अंतर यांवर बंधनं घालणं सुरक्षित.

हे सगळं सरकारी नियमांपुरतं. अनेक मराठी कुटुंबं राहतात तशा टाउनहाउसच्या वसाहतींत रहिवासी संघाचा करार चालतो. टेक्सासच्या कायद्यानुसार संघाला मतदानाआधीचे ९० दिवस ते नंतरचे १० दिवस प्रचारपाटी अडवता येत नाही. पण प्रत्येक उमेदवाराची एकच, जमिनीत रोवलेली, चार बाय सहा फुटांच्या आत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ट्विन रिव्हर्सच्या संघाचा नियम उचलून धरला : प्रत्येक खिडकीत एक, आणि बाहेर घरापासून तीन फुटांच्या आतल्या फुलझाडांच्या वाफ्यात एक. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने पार्सिपनीतल्या वसाहतीची जवळजवळ संपूर्ण बंदी मोडीत काढली. तिथेही सूट होती ती ‘विकणे आहे’ला.