ड्राइव्ह जोडला होता, तरी कोलॅबमधली फाइल कुठे गेली?

"रात्री सगळं चाललं होतं, सकाळी फाइलच नाही." आम्ही प्रबंधांसाठी आकड्यांचं विश्लेषण करून देतो, आणि प्रबंध जमा करायचे दिवस आले की आम्हाला असे फोन येऊ लागतात. बहुतेकांनी ड्राइव्ह जोडलेला असतो, तरी फाइल जाते. म्हणून हे पत्रक.

गूगल कोलॅब म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवायची गूगलची सोय. त्यात तुमची नोटबुक, म्हणजे कोड आणि त्याखाली उमटलेले तक्ते-आलेख, तुमच्या ड्राइव्हवर राहते. आकडेमोड मात्र गूगलच्या यंत्रावर होते, आणि ते यंत्र मंगल कार्यालयासारखं ठरावीक वेळेपुरतं मिळतं. वेळ संपली की हॉल रिकामा होतो आणि मागे राहिलेलं सामान परत मिळत नाही. मोफत वापरात एक सत्र जास्तीत जास्त १२ तास चालतं. लॅपटॉप मिटून झोपलात, तर त्याच्या बरंच आधी बंद पडतं.

सकाळी नोटबुक उघडल्यावर कालचे आलेख जागच्या जागी दिसतात, आणि तिथेच फसगत होते. ती नुसती चित्रं असतात. त्यांच्यामागचे आकडे यंत्राबरोबर गेलेले असतात, म्हणून पुढचा सेल, म्हणजे कोडचा पुढचा तुकडा, चालवला की 'नेम एरर' येतो, म्हणजे हे नाव यंत्राला सापडत नाही.

आता मुख्य चूक. ड्राइव्ह माउंट केला, म्हणजे कोलॅबला जोडला, की निकाल आपोआप तिथे साठतो, असा समज आहे. तसं होत नाही. सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, साठवताना नुसतं फाइलचं नाव दिलंत, तर ती 'कंटेंट' या तात्पुरत्या फोल्डरात पडते. सत्र चालू असेपर्यंत ती डाव्या पट्टीत दिसते, उघडतेही, त्यामुळे शंका येत नाही. फाइल टिकवायची तर पूर्ण पत्ता द्यायलाच हवा: कंटेंट, त्यात ड्राइव्ह, त्यात मायड्राइव्ह, मग तुमचा फोल्डर. हा पत्ता पहिल्याच सेलमध्ये एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका नावाखाली, ठेवा आणि सगळीकडे तोच वापरा. साठवून झालं की मोबाइलवर ड्राइव्ह उघडून फाइल आली का ते बघा. कधी मिनिटभर थांबावं लागतं.

हजारो छोट्या फाइली असतील तर उलट करा. ड्राइव्हवरून एकेक वाचणं फार संथ चालतं. झिप करून ती तात्पुरत्या फोल्डरात उघडा, तिथे काम करा आणि निकाल तेवढा ड्राइव्हवर न्या.

"आम्ही विश्लेषणाचे पैसे दिले, फोल्डर कसले शिकवता?" असं काही जण विचारतात. गेलेली फाइल आम्हालाही परत आणता येत नाही. सगळं पुन्हा चालवावं लागतं, आणि त्या तासांचे पैसे तुम्हालाच पडतात. शिवाय यादृच्छिक नमुने घेतले असतील आणि सीड, म्हणजे तेच नमुने पुन्हा यावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा, ठरवलेलं नसेल, तर दुसऱ्या वेळी आकडे थोडे बदलतात. प्रबंधात छापलेला तक्ता मग जुळत नाही आणि गाइड कारण विचारतात. म्हणून पहिल्या भेटीतला अर्धा तास आम्ही यावरच घालवतो. पत्ता, सीड आणि टप्प्याटप्प्याने साठवण लिहिलेली तयार नोटबुक आम्ही प्रत्येक कामासोबत देतो. तिचे वेगळे पैसे नाहीत.

अडलात तर नोटबुकची लिंक परवानगीसह, मूळ एक्सेल फाइल आणि एररच्या संदेशाची शेवटची ओळ पाठवा. माहिती रुग्णांची किंवा शेतकऱ्यांची असेल, तर नावं आणि फोन नंबर काढून मगच पाठवा.