पोस्ट उडवली म्हणजे गळचेपी झाली का?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा: "बोलण्याचं स्वातंत्र्य हा माझा हक्क, त्यामुळे कुठलंही अ‍ॅप माझी पोस्ट काढू शकत नाही."

तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण हक्काचं कलम उघडून एकच पाहा: बंधन कोणावर घातलंय? अमेरिकेच्या १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते थेट कायदे करणाऱ्यांवर आहे. म्हणजे सरकारने तोंड दाबायचं नाही. दुसऱ्याच्या दिवाणखान्यात भाषण ठोकायचा परवाना त्यातून मिळत नाही. मालक "निघा" म्हणू शकतो. अ‍ॅपचंही बरंचसं तसंच. खातं उघडताना न वाचता 'मान्य' दाबतो ना, त्या अटींत पोस्ट काढण्याचा अधिकार बहुधा लिहिलेलाच असतो. सेटिंगमध्ये जाऊन वाचा.

सरकारपुढेही हा हक्क अमर्याद नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १९ इतरांची प्रतिष्ठा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी मर्यादा मान्य करतं, मात्र त्या कायद्याने घातलेल्या आणि आवश्यक हव्यात.

मालकाला रान मोकळं आहे असंही नाही. युरोपीय संघात पोस्ट काढल्याचं कारण सांगणं प्लॅटफॉर्मना बंधनकारक आहे. आणि पोस्ट सरकारी आदेशाने हटवली असेल, तर हक्काचा प्रश्न खरोखरच उभा राहतो.