विश्वासाचे आज्ञापालन

देवाच्या आज्ञेमागचे कारण किंवा तिचा परिणाम पुरता कळलेला नसतानाही, आज्ञा देणाऱ्यावर भरवसा ठेवून ती पाळणे, याला ख्रिस्ती परंपरेत विश्वासाचे आज्ञापालन म्हणतात. बायबलच्या नव्या करारातील, पौल या प्रेषिताच्या रोमकरांस पत्रात ही कल्पना आरंभी आणि अखेरीस (१:५, १६:२६) येते. इथे न कळलेले असते ते कारण किंवा फळ. आज्ञा कोणाची आहे आणि ती नेमकी काय, हे मात्र माहीत असावे लागते. हा भेद सुटला की श्रद्धा आणि भाबडेपणा यांची गल्लत होते.

बायबलमधला कुलपुरुष अब्राहाम हे याचे मूळ उदाहरण. वयाच्या ७५व्या वर्षी देवाच्या सांगण्यावरून त्याने हारान हे शहर सोडले, तेव्हा कुठे जायचे हे त्याला ठाऊक नव्हते (इब्री लोकांस पत्र, म्हणजे इब्री, ११:८). उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातला प्रसंग याहून कितीतरी अवघड. आपला मुलगा इसहाक याचे होमार्पण कर, म्हणजे त्याचा अग्नीत बळी दे, अशी आज्ञा होते. अब्राहाम पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडून घेतो. तिसऱ्या दिवशी ती जागा दुरून दिसते. वाटेत मुलगा विचारतो, होमासाठी कोकरू कुठे आहे? देव स्वतः त्याची सोय करील, एवढेच बाप सांगू शकतो. इसहाकापासून वंश चालेल हे वचन आधी मिळालेले होते, आणि मेलेल्यांतूनही उठवायला देव समर्थ आहे असे अब्राहामाने मानले, असा इब्री ११:१९ चा खुलासा आहे. म्हणजे बुद्धी गहाण ठेवलेली नव्हती. तरीही प्रश्न मिटत नाही. मुलाला मारू नये हे निश्चित आहे, पण हा आवाज देवाचाच आहे हे निश्चित नाही, असा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ मध्ये घेतला. डॅनिश विचारवंत किर्केगार्डने १८४३ मध्ये याच प्रसंगावर अख्खा ग्रंथ लिहिला. सुरी थांबवणारी आज्ञाही त्याच अध्यायात आहे, त्यामुळे ही कथा कोणत्याही हिंसेची परवानगी ठरत नाही.

समजून घेण्याची धडपड म्हणजे अविश्वास नव्हे. अकराव्या शतकात अँसेल्म या धर्मशास्त्रज्ञाने विश्वासाला समज शोधणारा म्हटले. प्रोटेस्टंट धर्मशास्त्रात विश्वासाचे ज्ञान, संमती आणि भरवसा असे तीन घटक मानतात. पहिले दोन गाळून उरलेला भरवसा अधांतरी राहतो. बायबलमधल्या ईयोब या निर्दोष पण दुःखात सापडलेल्या माणसाला देव चार अध्याय (३८–४१) प्रश्नच विचारतो, त्याच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगत नाही. पण ४२:७ मध्ये रोष होतो तो तयार स्पष्टीकरणे घेऊन आलेल्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

प्रत्यक्षात मुख्य काम असते पारख करण्याचे. आज्ञा स्पष्ट असेल, उदाहरणार्थ क्षमा करणे किंवा खोटी साक्ष न देणे, तर वेगळ्या चिन्हाची वाट पाहायची नसते. नोकरी, विवाह, स्थलांतर अशा बाबतींत शास्त्रवचन, प्रार्थना, जाणत्यांचा सल्ला आणि परिस्थिती ही सारी एकत्र पाहतात. मन खचलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा नियम आजही उपयोगी पडतो. लोकरीवर दव पाडून खूण मागणाऱ्या, बायबलमधल्या गिदोन या इस्राएली पुढाऱ्याचे (शास्ते ६) अनुकरण अनेकजण करतात. पण त्याला आज्ञा आधीच मिळाली होती, खूण होती ती धीर येण्यासाठी. उपचार थांबवून चमत्काराची वाट पाहणे ही देवाची परीक्षा ठरू शकते. सैतानाने सुचवलेली मंदिराच्या शिखरावरची उडी टाकायला येशूने नकार दिला तो याच कारणाने (मत्तय ४:५–७). उलट टोकाला, माणसाने काहीच न करता निष्क्रिय राहावे अशी शिकवण देणाऱ्या मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूला रोमच्या कॅथलिक धर्मसत्तेने १६८७ मध्ये दोषी ठरवले.

सर्वांत घातक गफलत पुढाऱ्यांच्या बाबतीत होते: देवाला द्यायचे आज्ञापालन एखादा माणूस स्वतःसाठी मागू लागतो, प्रश्न विचारणाऱ्याला अविश्वासी ठरवतो, बाहेरच्या सल्ल्याला मनाई करतो. आत्मे देवापासून आहेत की नाही याची परीक्षा करा, ही आज्ञाही (१ योहान ४:१) विश्वासणाऱ्यांनाच दिलेली आहे.