रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनाला पाणी : सहलीत सहभागी होणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंग्लंडमधील वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांसोबतच्या आमच्या सहलीसाठी ज्यांनी नाव नोंदवले आहे, त्यांनी निघण्यापूर्वी हे माहितीपत्रक कृपया पूर्ण वाचावे. या सहलीत आपण मागच्या गाडीत बसून छायाचित्रे काढणारे प्रवासी नसून, इंजिनचालकाच्या हाताखालचे मदतनीस असणार आहात, आणि त्या मदतीचा मोठा भाग पाण्याशी संबंधित आहे. नाव नोंदवताना बहुतेक जण कोळशाविषयी विचारतात : किती लागतो, कोण टाकतो, कपडे किती काळे होतात. कोळसा सकाळी एकदा भरला की बहुधा दिवस निभावतो. पाण्याचे तसे नाही. दिवसात किती मैल जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे आणि जेवायला कोठे थांबायचे, हे सर्व पाण्यावर ठरते.

ट्रॅक्शन इंजिन म्हणजे रुळांवाचून रस्त्यावर चालणारे, अवजड गाड्या ओढण्यासाठी आणि शेतात मळणीयंत्र फिरवण्यासाठी बनवलेले वाफेचे इंजिन. थेटफर्डची बरेल, लीड्सची फाउलर आणि रॉचेस्टरची एव्हलिंग अँड पोर्टर या कंपन्यांची इंजिने आपल्याला तेथे हमखास भेटतील. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात रंग देऊन उभे केलेले वाफेचे जुने रोड रोलर आपण पाहिले असतील, तर ते याच घराण्यातले होत. या इंजिनात सिलिंडरमधले काम संपवून बाहेर पडणारी वाफ धुराड्यात सोडतात, कारण तिच्याच झोतामुळे भट्टीला हवेची ओढ मिळते. त्या वाफेचे पुन्हा पाणी करून ते वापरण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे टाकीतले पाणी एकदाच कामाला येते आणि आभाळात जाते. एक किलो चांगला दगडी कोळसा जाळला तर साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ होते, यावरून दोन्हींच्या खपातले अंतर ध्यानात यावे.

आमचा मार्ग आखताना आम्ही मैलाला 15 गॅलन, म्हणजे सुमारे 68 लिटर, असा खप धरतो. सपाट रस्त्यावर तो कमी होतो, चढावर किंवा मागे जड गाडी असताना वाढतो. मागच्या टाकीत 200 गॅलन (सुमारे 900 लिटर) पाणी मावत असेल आणि त्यातले 50 गॅलन अडीअडचणीसाठी राखायचे असतील, तर दहा मैलांच्या आत पुढचे पाणी गाठणे भाग असते. लांब पल्ल्याच्या इंजिनांना बॉयलरच्या पोटाखाली आणखी एक टाकी असते, त्यांची मजल साहजिकच मोठी असते.

पूर्वीच्या मळणी-कंत्राटदारांना आपल्या भागातला प्रत्येक ओढा आणि प्रत्येक तळे तोंडपाठ असे. वाफेच्या नांगरणीच्या ताफ्यात तर पाण्याचा स्वतंत्र गाडा असे आणि तो भरून आणण्याचे काम बहुधा एखाद्या पोरावर सोपवलेले असे. आज यांतले बरेच पाणवठे गाळाने भरले आहेत. लंडनमध्ये 1859 साली स्थापन झालेल्या एका धर्मादाय संस्थेने बसवलेले घोड्यांचे दगडी हौद अजूनही रस्त्याकडेला दिसतात, पण अनेक हौदांत आता फुलझाडे लावलेली आहेत. ती पाहायला सुरेख असली तरी आपल्या कामाची नाहीत.

ओढ्यातून पाणी घेताना

उघड्या पाणवठ्यावरून पाणी घेण्यासाठी इंजिनावर वॉटर लिफ्टर बसवलेला असतो. बॉयलरमधली वाफ बारीक तोंडातून जोराने सोडली की तिच्यामागे निर्वात तयार होतो आणि नळीतून पाणी वर खेचले जाते. यात हलणारा एकही भाग नाही. इंजिनाच्या अंगावर वेटोळे करून लटकवलेली जाड नळी याच कामाची असते. हवेचा दाब पाण्याला फार तर 10 मीटर वर ढकलू शकतो आणि प्रत्यक्षात पाच-सहा मीटरच्या वर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून उंच पुलावर उभे राहून खोल नदीतले पाणी खेचण्याचा विचार आपण मनात आणू नये. नळीचा एखादा सांधा जरी हवा घेत असला तरी लिफ्टर नुसता फुसफुसत राहतो आणि पाणी येत नाही.

नळीच्या टोकाला जाळी असते. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह ज्यांनी हाताळला आहे त्यांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ओढा उथळ असेल तर तळाशी एक बादली दाबून बसवावी, तिच्यात पाणी भरू द्यावे आणि जाळी त्या बादलीत वीतभर पाण्याखाली राहील अशी धरावी. असे केल्याने वाळू व पालापाचोळा आत जात नाही. हे काम आपल्यापैकीच कोणीतरी करणार आहे, त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट अवश्य आणावेत.

लिफ्टरची एक खोड लक्षात ठेवावी : त्याची वाफ टाकीतल्या पाण्यात मिसळते आणि ते पाणी कोमट होते. टाकीतून बॉयलरमध्ये पाणी ढकलण्याचे साधन म्हणजे इंजेक्टर, जो 1858 साली आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने शोधला, तो गार पाण्यावरच नीट चालतो, कारण आत येणारी वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले तरच त्याला जोर मिळतो. उन्हाळ्याच्या दुपारी त्याने काम नाकारले, तर चालक त्याच्यावर ओले फडके गुंडाळतो किंवा गार पाणी ओततो. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर चालणारा पंपही असतो, परंतु इंजिन फिरत नसताना त्याचा उपयोग होत नाही.

परवानगी

इंग्लंडमध्ये नदी-ओढ्यातून दिवसाला 20 घनमीटरपर्यंत पाणी घेण्यास सरकारी परवाना लागत नाही आणि आपली गरज त्याहून फारच कमी असते. तथापि जमीनमालकाची परवानगी घ्यावीच लागते. ती आम्ही आधी घेतलेली असते. रस्त्यावरच्या हायड्रंटची, म्हणजे आग विझवण्यासाठी मुख्य जलवाहिनीवर बसवलेल्या तोटीची, गोष्ट निराळी आहे. पाणी कंपनीच्या संमतीवाचून त्यातून पाणी घेणे हा गुन्हा आहे, म्हणून मीटर लावलेली परवानाधारक उभी नळी असल्याखेरीज आम्ही हायड्रंटला हात लावत नाही. कोणाच्याही नळावरून भरताना नळीचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नये, कारण टाकीतले पाणी उलट ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा धोका असतो. शिवाय बागेतल्या साध्या नळाने मिनिटाला 15 लिटर पाणी येते असे धरले, तर 900 लिटरची टाकी भरायला एक तास जातो. खेडेगावातल्या पबचे मालक नळ देतात तेव्हा मनापासून देतात, पण तेवढ्या वेळात त्यांच्याकडे काहीतरी खाणेपिणे मागवणे सभ्यपणाचे ठरते.

इंग्लंडात पाऊस सदाच असतो, ही आपल्याकडची समजूत सोडून द्यावी. 2022 च्या उन्हाळ्यात तेथे अधिकृत दुष्काळ जाहीर झाला होता आणि दक्षिणेच्या बऱ्याच भागांत बागेच्या नळीवर बंदी होती. अशा वेळी आमच्या मदतगाडीवरची 1000 लिटरची टाकी आणि पेट्रोलवरचा पंप यांवरच दिवस काढावा लागतो.

पाण्याची जात

दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या भागात पाणी जड असते आणि त्याच्या क्षारांचा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसतो. कॉर्नवॉल व डेव्हनमधल्या माळरानांवरचे पाणी हलके, पण किंचित आम्लधर्मी असते आणि ते लोखंड खाते. म्हणून चालक पाणी तपासून टाकीत औषध घालतो. त्याचे प्रमाण आपण ठरवू नये आणि बादली धुण्यासाठी साबण तर मुळीच वापरू नये. बॉयलरमध्ये फेस झाला तर पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते आणि सिलिंडरचे झाकण फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

बॉयलरवरच्या काचेत पाण्याची पातळी दिसते आणि तिच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आपल्यालाही दिले जाईल. भट्टी मागच्या बाजूला असते, त्यामुळे उतारावर पाणी पुढे सरकते आणि भट्टीचे छत उघडे पडण्याची भीती असते. चढावर काच भरलेली दिसली म्हणून निर्धास्त राहू नये. माथ्यावर पोचण्यापूर्वीच चालकाला पातळी सांगावी. छत उघडे पडून तापले तर त्यातला शिशाचा प्लग वितळतो, वाफ भट्टीत शिरते आणि त्या दिवसाचा प्रवास तेथेच थांबतो.

आग पेटती ठेवून इंजिन सोडून कोणीही जाऊ नये, हा नियम आम्ही सवलत न देता पाळतो. रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याने 1801 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्न येथे आपली वाफेची गाडी रस्त्यावर चालवून दाखवली. काही दिवसांतच ती रस्त्यात बंद पडली, तेव्हा मंडळी ती एका आडोशाला लावून जवळच्या खानावळीत जेवायला गेली. भट्टी पेटतीच होती. बॉयलरमधले पाणी आटले आणि गाडी जळून गेली.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर टाकी त्याच संध्याकाळी भरावी आणि बॉयलरही काचेत नेहमीपेक्षा वरपर्यंत भरून ठेवावा, कारण पाणी थंड होताना आकसते आणि सकाळी पातळी खाली गेलेली दिसते. ओढ्यात वापरलेली नळी, जाळी, बादली आणि आपले बूट तपासून, धुऊन कोरडे केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी वेगळ्या नदीत घालू नयेत. परक्या शिंपल्यांचा व वनस्पतींचा प्रसार रोखण्यासाठी तेथे हे कटाक्षाने पाळले जाते. बुटांची एक जादा जोडी आणावी, म्हणजे ओले बूट घालण्याची वेळ येणार नाही.