नाशिक (ओझर) ते दुबई: हवाई अंतर व प्रवासवेळ

नाशिकचा ओझर विमानतळ (संकेत आयएसके) आणि दुबई आंतरराष्ट्रीय विमानतळ (डीएक्सबी) यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,९८५ किमी, म्हणजे साधारण १,०७० सागरी मैल आहे. पृथ्वीगोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळच्या मार्गाने, म्हणजे बृहद्‌वृत्ताने, हे अंतर मोजतात. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी वळत जाते, त्यामुळे ते याहून थोडे जास्त उडते.

ताशी ८४० किमी वेग धरला तर एवढे अंतर सुमारे २ तास २० मिनिटांत कापले जाते. धावपट्टीपर्यंत जाणे, चढाई, उतरण्यासाठीचे थांबणे यांचा पाऊण तास त्यात मिळवावा लागतो. वाऱ्याचा परिणाम मात्र बराच मोठा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ताशी १०० किमीचा वारा समोरून आला तर हेच अंतर २ तास ४० मिनिटे घेते, पाठीमागून आला तर २ तास ७ मिनिटे. म्हणूनच दुबईहून पूर्वेकडे येतानाचे विमान लवकर पोहोचते.

नियमित थेट सेवा नसल्याने नाशिककर बहुधा मुंबईहून उडतात. मुंबई–दुबई अंतर सुमारे १,९२५ किमी असून वेळापत्रकात त्याला साधारण सव्वातीन तास दिलेले असतात. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. त्यामुळे मुंबईहून सकाळी १० ला निघून ३ तास २० मिनिटे उडालेले विमान तिकिटावर ११.५० ला पोहोचते. परतताना उलटे होते: दुपारी २ ला सुटलेले विमान ३ तासांनी उतरते, पण तिकिटावर संध्याकाळचे ६.३० दिसतात. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली की इथेच चूक होते.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. सकाळी १० च्या विमानासाठी ७ वाजता टर्मिनलवर असावे, म्हणजे नाशिक पहाटे ३ च्या सुमारास सोडणे शहाणपणाचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो. पण आमण्यापुढे भिवंडी–ठाण्याची कोंडी तशीच आहे आणि पावसाळ्यात इगतपुरीचे धुके वेग कमी करते. अनेक विमानकंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात, त्यामुळे घाटात किंवा कोंडीत गेलेला वेळ नंतर भरून निघत नाही.

दुसरा पर्याय ओझरहूनच देशांतर्गत विमानाने दिल्ली गाठून पुढे जाण्याचा. ओझर–दिल्ली सुमारे ९९० किमी आणि दिल्ली–दुबई सुमारे २,१९० किमी, म्हणजे एकूण अंतर थेट अंतराच्या दीडपटीहून अधिक. त्यातच एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना हवाई हद्द बंद केल्याने त्यांची दिल्लीची विमाने वळसा घेऊ लागली. मुंबईचा मार्ग अरबी समुद्रावरून जातो, त्याला याचा फारसा फटका नाही. तरी वयस्कर प्रवाशांना रात्रीचा रस्ता टळतो, हा ओझरचा मोठा लाभ.

हा मार्ग घ्यायचा तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, काढावेत. वेगळ्या तिकिटांवर देशांतर्गत टप्प्याला बहुधा १५ किलोचीच मर्यादा लागते आणि पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. परतताना सामान सहसा दिल्लीतच घेऊन सीमाशुल्क तपासणीनंतर पुन्हा सोपवावे लागते, त्यामुळे तिथे किमान ३ तासांचे अंतर ठेवावे.