थंडीतली बदकं इथं अंडी घालतात का?

‘परदेशी बदकं थंडीत आपल्या तळ्यांवर अंडी घालायला येतात.’ बेळगाव, खानापूर, चिकोडीकडं हा मेसेज दर दिवाळीनंतर फिरतो. समज चुकीचा आहे, पण तो का झाला असेल ते कळतं. हिवाळ्यात तळ्यावर पिल्लं खरंच दिसतात.

ती पिल्लं मात्र हळदी-कुंकू बदकाची. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. हे बदक बारमाही इथलंच, आणि पावसानं तळी भरली की लव्हाळ्यात घरटं करतं. पाहुणे वेगळे: थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. थापट्या आणि तलवार बदकांची वीण एप्रिल ते जुलैत, सायबेरिया, मध्य आशियाकडं होते. चक्रवाकाची तिबेट-लडाखच्या पठारावरही. तिकडं पाणी गोठलं की ती खाण्यासाठी इकडं येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात.

मग एखाद्या वर्षी बदकं कमी दिसली तर? लगेच ‘अंडी कुणी चोरली’ म्हणू नये. तलवार बदक जमिनीवर सात-नऊ अंडी घालतं. कोल्ह्यानं घरटी लुटली किंवा तिकडं दुष्काळ पडला की त्या वर्षी पिल्लं कमी जगतात. शिवाय हिडकल धरणात पाणी फार चढलं तर उथळ कडा बुडते आणि बदकं दुसरीकडं पांगतात.

पडताळायचं तर दुर्बीण घेऊन बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयावर पहाटे जा. उडता न येणारी पिल्लं दिसली, तर आधी सोबतच्या आईची चोच बघा.