स्टेल्थ गेम्सची पार्श्वभूमी : गार्डला किती दिसतं, किती ऐकू येतं

स्टेल्थ गेमचा, म्हणजे लढण्यापेक्षा लपूनछपून पुढे सरकायच्या व्हिडिओ गेमचा, कस नायकावर नाही, गार्डवर लागतो. त्याला किती लांबचं दिसतं, पाठीमागची पावलं कळतात का, संशय आल्यावर तो किती वेळ शोधतो आणि कधी नाद सोडतो, यावर सगळी मजा अवलंबून असते. १९८१ ते २००२ या काळातले जुने गेम्स आजही जीव लावतात, कारण त्या वर्षांत गार्डला एकेक इंद्रिय मिळत गेलं.

बाल्टिमोरच्या म्यूज सॉफ्टवेअरने १९८१ साली ॲपल टू संगणकासाठी 'कॅसल वुल्फेन्स्टाइन' काढला. तो लिहिला होता सायलस वॉर्नर यांनी. नाझी किल्ल्यातल्या कैद्याला युद्धाच्या योजना चोरून निसटायचं असतं. हाती एक पिस्तूल आणि १० गोळ्या, त्यामुळे खोलीखोलीत गोळीबार परवडतच नाही. पिस्तूल रोखलं की साधा गार्ड हात वर करतो आणि मग त्याची झडती घेता येते. जर्मन गणवेश सापडला तर साधे गार्ड फसतात. एसएस या नाझींच्या खास दलाचे सैनिक मात्र फसत नाहीत, शिवाय ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठलाग करत येतात. कुलूपबंद पेटी उघडायला वेळ लागतो. गोळी झाडून घाई करता येते, पण आवाजाने गार्ड धावून येतात आणि आत हातबॉम्ब असले तर स्फोटात सगळंच संपतं. या सगळ्यावर कडी म्हणजे ॲपलच्या इवल्याशा स्पीकरमधून खरखरीत आवाजात येणारी 'हाल्ट!' ही आरोळी. तेव्हाच्या खेळाडूंना दचकवायला ती पुरेशी होती.

खरं वळण आलं ते यंत्राच्या मर्यादेमुळे. जपानच्या कोनामी कंपनीत नवख्या हिदेओ कोजिमा यांच्याकडे एमएसएक्स टू संगणकासाठी युद्धाचा गेम करायचं काम आलं. हे यंत्र पडद्यावर एकूण ३२ स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवू शकायचं आणि एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त ८. त्यापुढचे त्या ओळीत उमटायचेच नाहीत. एक माणूस रंगीत दाखवायचा तर एकावर एक असे अनेक स्प्राइट खर्च होत. त्यात गोळ्या आल्या की दोन-चार शत्रूंतच हिशेब संपायचा. एवढ्याशा शत्रूंत युद्ध रंगणार कसं? म्हणून लढण्याऐवजी लपणं हाच खेळ झाला, आणि १९८७ च्या जुलैमध्ये 'मेटल गिअर' आला.

त्यातला गार्ड फक्त नाकासमोरच्या सरळ रेषेत पाहतो. एक पाऊल बाजूला सरकलं की आपण सुरक्षित. डोक्यावर एक उद्गारचिन्ह आलं तर पडदा बदलताच धोका टळतो. दोन आली तर पुढच्या पडद्यावरही कुमक येत राहते. सायलेन्सर सापडेपर्यंत बंदूक चालवणं म्हणजे स्वतःहून धोक्याची घंटा वाजवणं.

१९९० च्या 'मेटल गिअर टू'मध्ये गार्डला कान मिळाले. भिंतीवर ठोसा मारला की तो बघायला येतो, काही फरशांवर पाऊल वाजतं. नजर सरळ रेषेची न राहता ४५ अंशांची झाली, गार्ड मान वळवू लागले आणि एका पडद्यावरून दुसऱ्यावर गस्त घालू लागले. खेळाडूला बदल्यात आजूबाजूचे नऊ पडदे दाखवणारा रडार मिळाला. पकडले गेल्यावर लगेच सुटका नाही, तर मधला शोधाचा टप्पाही इथेच आला. १९९८ च्या प्लेस्टेशनवरच्या 'मेटल गिअर सॉलिड'चा गाभा बहुतेक इथूनच आलेला आहे. बर्फातल्या पाऊलखुणांवरून माग काढणारा गार्ड ही त्यातली सुंदर भर.   

त्याच वर्षी निन्जांचा 'तेन्चू' आला आणि माद्रिदच्या पायरो स्टुडिओजचा 'कमांडोज'ही. 'कमांडोज'मध्ये शत्रूची नजर हिरव्या पट्ट्याने दिसायची. जवळच्या फिकट हिरव्यात गेलं की संपलं, लांबच्या गडद हिरव्यातून सरपटत मात्र जाता यायचं.

पण १९९८ चा सगळ्यांत धाडसी गेम म्हणजे लुकिंग ग्लास स्टुडिओजचा 'थीफ'. इथे ना नकाशावर शत्रूचे ठिपके, ना हिरवे पट्टे. पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं. ते जितकं उजळ, तितके आपण उघडे. पाण्याच्या बाणाने मशाल विझते, विजेचा दिवा विझत नाही. लोखंडी जाळीवर आणि फरशीवर पावलं घणघणतात, गालिचावर आणि गवतावर दबतात. शेवाळाचा बाण मारून फरशीही मऊ करता येते. आवाज भिंतीतून आरपार न जाता दारांच्या वाटेने खोलीखोलीतून पोहोचतो, म्हणून हेडफोन लावून गार्ड कुठे आहे हे ओळखता येतं. बेशुद्ध केलेला माणूस उजेडात टाकला तर दुसरा गार्ड तो पाहून आरडाओरडा करतो. एक्स्पर्ट पातळीवर तर माणूस मारायलाच मनाई आहे. आवाजाच्या बाबतीत इतका काटेकोर गेम नंतरही क्वचितच झाला.

भारतात मात्र या प्रकाराची ओळख अनेकांना झाली ती २००० च्या अखेरीस आलेल्या 'प्रोजेक्ट आयजीआय'मुळे. सायबर कॅफेतल्या पिढीला त्याच्या नायकाचं, डेव्हिड जोन्सचं, नाव पाठ आहे. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने आधी लढाऊ विमानाचा गेम केला होता. त्याचंच इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) इथे वापरल्यामुळे डोंगरउतारांसह मैलोन् मैल पसरलेले तळ दिसत. एकूण १४ मोहिमा, आणि मोहीम अर्धवट असताना सेव्हची सोय नाही. म्हणून क्रम ठरलेला असे : दुर्बिणीने टेहळणी, उपग्रह नकाशावर बरॅक हेरायची, संगणकावरून कॅमेरे बंद करायचे, मगच आत शिरायचं. अलार्म वाजला की नवे सैनिक येत राहतात, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा दोष. गार्डची बुद्धी 'थीफ'च्या जवळपासही नव्हती, तरी मोकळ्या मैदानातला तो ताण दुसरीकडे कुठे मिळत नसे.

२००२ च्या 'स्प्लिंटर सेल'ने उजेडाचं मोजमाप नव्या ग्राफिक्सच्या खऱ्याखुऱ्या सावल्यांशी जोडलं.

आज 'थीफ' खेळायचा असेल तर एक अडचण येते. मूळ इंजिन एकाच कोरच्या, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या, प्रोसेसरसाठी लिहिलेलं आहे, म्हणून नव्या संगणकावर ते मध्येच बंद पडतं. पूर्वी टास्क मॅनेजरमधून गेमला एकच कोर द्यावा लागे. २०१२ साली एका अनामिक व्यक्तीने 'न्यूडार्क' नावाचा पॅच, म्हणजे गेममध्ये दुरुस्ती करणारी फाइल, प्रसिद्ध केला. तो टाकला की ही कटकट जाते आणि रुंद पडद्यावरही चित्र नीट बसतं.